हुकुमाची वेळ

मुंबईच्या उपनगरांतून सकाळीं शहराकडे धांवणाऱ्या गाड्यांत पत्त्यांचा डाव मांडून बसलेलीं टोळकीं ज्यानें कधीं पाहिलीं नाहींत, असा उपनगरवासी विरळा. १९२५ सालीं बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, १९२८ सालीं पश्चिमेकडे ती बोरिवलीपर्यंत पोंचली, आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथें बिऱ्हाड थाटणाऱ्या नोकरदाराच्या वाट्याला रोज जातां-येतां सक्तीचा रिकामपणा आला. त्या रिकामपणाचा बराच भाग पत्त्यांनीं व्यापला. चौघांच्या गुडघ्यांवर एक बॅग आडवी ठेवावी, तिच्यावर वर्तमानपत्र अंथरावें, आणि मेंढीकोटाचा डाव वाटावा. अलीकडे गर्दी वाढली, हातोहातीं मोबाइल आले, त्यामुळें हीं टोळकीं विरळ झालीं आहेत. परंतु जीं उरलीं आहेत त्यांच्यांत एक जुनें भांडण अजून जसेंच्या तसें चालू आहे.

तें भांडण असें. मेंढीकोटांत चौघे गडी, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पानें. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीच्या हातीं तीन किंवा चार लागतील तिनें डाव जिंकला, आणि चारही लागल्या तर कोट झाला. हा डाव 'बंद हुकुमा'नें खेळावयाचा असला म्हणजे ठरलेला गडी आपल्या हातांतील एक पान उपडें ठेवतो. त्या पानाचा रंग तो हुकूम. पण तो कोणता, हें त्याच्यावांचून कोणालाच ठाऊक नसतें. पुढें कोणाला उतारीच्या रंगाचें पान नसलें, तर तो 'हुकूम खोला' असें म्हणूं शकतो. पान उलटलें जातें, आणि त्या हातापासून हुकूम लागू होतो.

आतां गाडी अंधेरीच्या आसपास आली आहे असें समजावें. कोणी हुकूम खोलावयास सांगितला, आणि इस्पिकाचें पान निघालें. लगेच दुसऱ्याला आठवतें कीं, मागच्याच हातांत बदाम नव्हतें म्हणून त्यानें इस्पिकाची राणी टाकली होती. हुकूम खोला, असें तो तेव्हां बोलला नव्हता. सहज पान फेकलें होतें. पण इस्पिक जर हुकूम, तर राणीही हुकूमच. मग तो हात बदामाच्या राजाला कां गेला? समोरचा म्हणतो, तुम्ही टाकलीत तेव्हां ती हुकूम नव्हती, झाली ती नंतर. पहिला म्हणतो, रंग तर उपड्या पानावर आधींपासूनच होता. हा वाद वांद्र्यापर्यंत सहज पुरतो, आणि एखाद्या दिवशीं तर उतरतांना रामराम घेणेंही राहून जातें.

नियमाप्रमाणें दुसऱ्याचें म्हणणें खरें. हुकूम खुला झाल्यावर हुकूम. तत्पूर्वीं तें एक साधें पान. परंतु पहिल्याच्या मनांत जो प्रश्न आहे तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. पानाचें सामर्थ्य पानांत असतें कीं वेळेंत असतें? छापखान्यांतून आलेल्या बावन्न पानांवर वाढलेल्या पिढ्यांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो, कारण राजा हा राजा आणि दुर्री ही दुर्री, असें त्यांना पानाकडे पाहतांच दिसतें. मराठी घरांत याहून जुना एक खेळ होता. त्यांत पानाकडे नुसतें पाहून कांहींच कळत नसे. पान कोणत्या रंगाचें आहे, आधीं काय पडलें आहे, उतारी कोणाची आहे, एवढेंच नव्हे तर दिवस आहे कीं रात्र, हें सर्व पाहिल्याशिवाय त्या पानाचें सामर्थ्य ठरत नसे. तो खेळ म्हणजे गंजिफा. आणि आगगाडींतले गडी ज्या शब्दावरून भांडतात तो 'हुकूम' हा शब्द त्या खेळाच्या परिभाषेंतला आहे.

गंजिफा हें नांव फारसीच्या वाटेनें आलें. इजिप्तमधील मामलुक सुलतानांच्या काळचा एक हातानें रंगविलेला पत्त्यांचा संच इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यांत आहे, एल. ए. मायर या संशोधकानें १९३९ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्या पानांवरील मजकुरांत 'कंजिफा' हा शब्द आलेला आहे. हिंदुस्थानांत या खेळाचा स्पष्ट उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रांत सांपडतो. सिंधमधील शाह हसन याला गंजिफेचा शौक होता, त्यानें ती मागविली, आणि १५२७ सालीं रमजानच्या महिन्यांत बाबरानें ती त्याच्याकडे धाडली, अशी ती लहानशी नोंद आहे. लढायांच्या आणि मुलुखगिरीच्या वर्णनांमध्यें ही एक ओळ अगदीं घरगुती वाटते.

अकबराच्या वेळीं अबुल फज्लनें 'आईन-इ-अकबरी'त बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या, जुन्या संचाचें वर्णन केलें आहे. अश्वपति, गजपति, नरपति, धनपति, दलपति अशीं त्या रंगांचीं नांवें आहेत; प्रत्येक रंगांत एक राजा, एक प्रधान आणि एकापासून दहापर्यंतचीं पानें. पुढें सर्वत्र रूढ झाला तो मात्र आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली संच. ताज, सफेद, शमशेर, गुलाम हे त्यांतले चार रंग, आणि चंग, सुर्ख, बरात, किमाश हे दुसरे चार. सफेद म्हणजे रुप्याचें नाणें व सुर्ख म्हणजे सोन्याचें. पानें वाटोळीं. तख्तावर बसलेला मीर हा राजा, आणि घोड्यावर बसलेला वजीर हा त्याचा प्रधान.

या आठ रंगांची अशी फोड करण्याचें कारण आहे, आणि नवख्या माणसाची पहिली फजिती येथेंच होते. पहिल्या चार रंगांत वजिराच्या खालोखाल दश्शी, मग नव्वी, अठ्ठी, असें उतरत शेवटीं एक्का. दुसऱ्या चार रंगांत वजिराच्या खालोखाल एक्का, मग दुर्री, तिर्री, आणि सर्वांत शेवटीं दश्शी. म्हणजे ताजाची दश्शी भारी आणि चंगाची दश्शी कवडीमोल. दोन्ही पानांवर ठिपके दहाच. आंकडा वाचतां येणें आणि पान वाचतां येणें या दोन गोष्टी येथें निराळ्या आहेत.

हा उलटा क्रम केवळ हिंदुस्थानाची लहर आहे असें कोणी समजूं नये. स्पेनमधील ओम्ब्र नांवाच्या खेळांत आणि इटलीच्या तारोक्कींतही पेले व नाणीं या दोन रंगांचा क्रम तरवारी व सोटे यांच्या क्रमाच्या उलट लागतो. मामलुक संचाचेही रंग चारच, पेले, नाणीं, तरवारी आणि चौगानाच्या काठ्या. मायकेल डमेट हे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ. तर्कशास्त्रावर त्यांचा मोठा अधिकार, तरी पत्त्यांच्या इतिहासावर जाडजूड ग्रंथ लिहिण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. इतक्या दूरदूरच्या खेळांतून एकच विचित्र रीत आढळावी, ही गोष्ट त्यांच्यासारख्यांना महत्त्वाची वाटली, आणि तशी ती आहेच. मुळाशीं एकच जुना खेळ असल्याची ती खूण दिसते.

महाराष्ट्रांत ज्या संचानें घर केलें तो दशावतारी. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की हे दहा रंग, प्रत्येकीं बारा पानें, एकंदर १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कांसवें, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशु, अशीं चिन्हें. राजा म्हणजे स्वतः अवतार, आणि त्याच्यामागून प्रधान. उलट-सुलट क्रम येथेंही आहे: पांच रंगांत दश्शी भारी, तर पांच रंगांत एक्का भारी. पान टाकतांना देवाचें नांव तोंडीं येतें, म्हणून या खेळाला इतर खेळांसारखा दोष नाहीं, अशी जुन्या लोकांची समजूत असे. (जुगाराला देवाचें पांघरूण घालणें ही युक्ति मनुष्याला नवी नाहीं, पण गंजिफेचा तिघांचा डाव हा खरोखरच बुद्धीचा डाव आहे, तेव्हां येथें तें पांघरूण फारसें खुपत नाहीं.) औरंगाबादच्या हरिकृष्णांनीं 'क्रीडाकौशल्य' या आपल्या संस्कृत ग्रंथांत बुद्धिबळें, सोंगट्या यांच्या पंक्तीला गंजिफेला बसविलें आहे.

आतां डाव कसा चालतो तें पाहूं. गडी तीन. पानें पिसून उजव्या हाताकडून वाटावयाचीं; दशावतारी संचांत प्रत्येकाला चाळीस. पहिली उतारी कोणाची? येथें वेळ येते. दिवस असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याची. रात्र असेल तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा असेल त्याची. राम सूर्यवंशी, भर दुपारीं जन्मलेला. कृष्ण चंद्रवंशी, मध्यरात्रीं जन्मलेला. ही वांटणी मराठी घरांतील मुलाला रामनवमी आणि गोकुळाष्टमी ठाऊक असल्यामुळें समजावून सांगावी लागत नसे. मोगली संचांत हीच योजना सोन्याच्या व रुप्याच्या नाण्यांची: दिवसा सुर्ख, रात्रीं सफेद. त्यांतही गंमत अशी कीं, सुर्ख उलट क्रमाच्या रंगांत मोडतो आणि सफेद सुलट क्रमाच्या. म्हणजे दिवे लागणीबरोबर डावाचा मुख्य रंग तर बदलतोच, शिवाय त्या मुख्य रंगाच्या दश्शीची आणि एक्क्याची जागाही फिरते.

श्रोत्यांनीं क्षणभर असें समजावें कीं, एकच वांटणी दोनदां झाली, एकदां दुपारीं आणि एकदां रात्रीं. तिघांच्या हातांत तींच चाळीस-चाळीस पानें. दुपारीं रामाचा राजा ज्याच्याकडे, तो उतारी करतो. राजाबरोबर तो आणखी एक हलकें पान खालीं ठेवतो. बाकीच्या दोघांनीं दोन-दोन पानें टाकावयाचीं, आणि तीं सर्व त्याचीं होतात. मग तो आपलीं जबरदस्त पानें एकामागून एक उतरवीत जातो. रात्रीं हाच मान कृष्णाच्या राजाला. दुपारीं ज्याला आरंभापासून पडतें घ्यावें लागलें, तो रात्रीं त्याच पानांनीं डाव उचलतो. पानांत तिळमात्र फरक नाहीं. मध्यें सूर्य तेवढा मावळला.

आतां 'हुकुमा'कडे यावयाचें. गंजिफेंत एका रंगानें दुसऱ्या रंगाला मारणें हा प्रकारच नाहीं. हुकूम म्हणजे त्या त्या रंगांतील, त्या क्षणीं खेळांत शिल्लक असलेलें सर्वांत भारी पान. आरंभीं दहाही रंगांचे राजे हुकूम असतात. मत्स्याचा राजा पडला, कीं मत्स्याचा प्रधान हुकूम होतो. तोही पडला, कीं त्याच्याखालचें पान. मोगली संचांतलें उदाहरण घ्यावयाचें तर, ताजाचे मीर, वजीर, दश्शी आणि नव्वी पडल्यावर ताजाची अठ्ठी हुकूम. चंगाचे मीर, वजीर, एक्का, दुर्री आणि तिर्री पडल्यावर चंगाची चौकी हुकूम. जें पान पहिल्या घटकेला कोणी ढुंकून पाहिलें नसतें, तें तासाभरानें राजाच्या ठिकाणीं बसतें. मात्र तें बसलें आहे हें लक्षांत असलें पाहिजे. एकदां उचललेला हात पुन्हां उलटून पाहावयाचा नाहीं. दहा रंगांत एका वेळीं दहा हुकूम जिवंत, त्यांतले पांच सुलट क्रमानें उतरणारे आणि पांच उलट क्रमानें. त्यांतला प्रत्येक घडीघडीला बदलणारा. हा हिशेब डोक्यांत ठेवणें हेंच या खेळांतलें कसब होय. ब्रिज खेळणारी मंडळी आपल्या स्मरणशक्तीचा मोठा अभिमान बाळगतात. त्यांनीं एकदां एकशेंवीस पानांवर बसून पाहावें.

हुकुमाची उतारी झाली, कीं इतर दोघांना ती मारतां येत नाहीं, हें उघडच आहे. कारण तें त्या रंगांतलें सर्वांत भारी पान. म्हणून त्यांनीं त्याच रंगाचें पान द्यावें असा निर्बंध नाहीं. हवें तें हलकें पान द्यावें. आजच्या पत्तेवाल्याला हें ऐकून खेळ सोपा वाटतो. तसा तो नाहीं. कारण कोणतें पान हलकें, हाच तर प्रश्न आहे. आज हलकें म्हणून जें फेकलें तें आणखी तीन हातांनंतर हुकूम झालें असतें, असें पुष्कळदां मागाहून कळतें.

आणि केवळ पान हातीं असून भागत नाहीं, उतारीही हातीं असावी लागते. पान हुकूम झालें खरें, पण उतारी दुसऱ्याची आहे. तोंवर तें पान म्हातारपणीं तख्तावर बसण्याची वाट पाहणाऱ्या युवराजासारखें मुकाट बसतें. उलट, उतारी असतांना जो हुकूम उतरवावयाचा विसरला, त्याच्या त्या पानाचें तेज पुढें जातें, अशीही शिक्षा कित्येक ठिकाणच्या रीतींत आहे. राजा असला तरी वेळ चुकलेला राजा.

या सगळ्यांत अत्यंत सुंदर योजना म्हणजे 'देणी'. एखाद्याकडे वराहाचा प्रधान आहे, बरोबर एक हलकें पानही आहे. पण वराहाचा राजा दुसऱ्याकडे आहे. राजा जोंवर बाहेर पडत नाहीं तोंवर प्रधान निरुपयोगी. तेव्हां उतारी आपली असतांना तो हलकें पान खालीं ठेवतो आणि राजा मागतो. राजा ज्याच्याकडे असेल त्याला तो द्यावाच लागतो. तो हात अर्थातच राजाचा. उतारीही त्याच्याकडे जाते. परंतु त्याच क्षणीं प्रधान हुकूम झालेला असतो. म्हणजे आज एक हात आणि उतारी गमवावयाची, कां तर उद्यां आपलें पान मोठें व्हावें. उतारी आपल्याकडे परत येईल कीं नाहीं, याचा अदमास चुकला, तर हात गेला, उतारी गेली, आणि मोठें झालेलें पान हातांतच राहिलें. चांगला गडी आणि साधारण गडी यांतला भेद देणीच्या वेळेवरून कळे. शेवटीं प्रत्येकानें आपापलीं मिळविलेलीं पानें मोजावयाचीं. चाळिसांच्या वर गेला तो फायद्यांत, खालीं राहिला तो तोट्यांत.

एवढा घाटदार खेळ मग मागें कां पडला? पहिलें कारण पैशाचें. गंजिफेचें पान हातानें घडतें. कागदाचे किंवा चिंध्यांचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवून, वाळवून, घोटून, वाटोळें कापून, वर रंग देऊन, चित्र काढून, लाखेचा हात फिरवावयाचा; आणि असें एकशेंवीस वेळां. उलट यंत्रावर छापलेल्या बावन्न पानांचा जोड बाजारांत स्वस्त मिळूं लागला. दुसरें कारण सवडीचें. तिसरें कारण असें कीं, युरोपीय पत्त्यांबरोबर एक निराळाच आनंद आला. पंधराव्या शतकांत इटलींत अशी युक्ति निघाली कीं, कांहीं पानांना इतर सर्व रंगांच्या पानांना मारण्याचा अधिकार द्यावा. ती युक्ति पुढें साध्या चार रंगांच्या पत्त्यांत आली, आणि एका रंगाच्या दुर्रीनें दुसऱ्या रंगाचा एक्का मारण्याची सोय झाली. दुबळ्यानें बलिष्ठाला लोळविण्याचें हें सुख गंजिफेंत नव्हतें. लोकांना तें फार आवडलें.

हे नवे पत्ते मराठी घरांत आले, तेव्हां या मारणाऱ्या रंगाला नांव पाहिजे होतें. नांव जुन्या खेळांतलेंच दिलें गेलें: हुकूम. उत्तर हिंदुस्थानांत तर इस्पिकाच्या रंगालाच तें नांव चिकटून बसलें आहे. उतारी हा शब्दही नव्या खेळांत राहिला. देणीला मात्र नव्या डावांत कामच उरलें नाहीं. परंतु हुकूम या शब्दाचा अर्थ आंतून पार पालटला. पूर्वीं हुकूम होण्याचा मान प्रत्येक पानाला, मग तें कितीही क्षुद्र असो, आपापल्या वेळीं मिळत असे, आणि वेळ गेली कीं जात असे. आतां तो एका रंगाची मिरास झाला. डाव संपेपर्यंत अढळ. शब्द तोच राहिला आणि त्याच्यांतली वेळ निघून गेली. जुन्या गंजिफेचे नियम वाचणाऱ्या आजच्या माणसाचा जो घोटाळा उडतो तो बहुधा येथें. 'हुकूम उतरावा' हें वाक्य वाचून तो मारणारा रंग शोधूं लागतो, आणि तो सांपडत नाहीं म्हणून पुस्तक मिटतो.

बंद हुकुमाच्या मेंढीकोटांत ती हरवलेली वेळ मागच्या दारानें परत आली आहे. उपडें पान उलटेपर्यंत हुकूम नाहीं, उलटलें कीं आहे. तामिळ मुलुखांत आणि सिंहलद्वीपांत खेळतात त्या ३०४ च्या खेळांतही हुकूम असाच झांकून ठेवतात. तेव्हां याला गंजिफेचा वारसा म्हणणें धाडसाचें होईल. पण आगगाडींतला वाद मिटविण्यास गंजिफेची दृष्टि उपयोगी पडते, यांत शंका नाहीं. इस्पिकाची राणी टाकणारा गडी पत्त्यांच्या चित्राकडे पाहत होता. त्याला अडविणारा वेळेकडे पाहत होता.

मुंबईंत गंजिफेकडे पुन्हां डोळसपणें पाहणाऱ्यांत एक जर्मन गृहस्थ होते, ही मौजेची गोष्ट आहे. रुडॉल्फ फॉन लायडेन हे १९३३ सालीं मुंबईस आले, येथेंच अनेक वर्षें राहिले, आणि वर्तमानपत्रांतील कलासमीक्षक म्हणून त्यांनीं नांव मिळविलें. त्यांनीं हिंदुस्थानभर फिरून गंजिफेचे संच जमविले आणि त्यांवर पुस्तकें लिहिलीं. १९८२ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्यें या पत्त्यांचें प्रदर्शन झालें, त्याची सूची त्यांचीच. ज्या वस्तु वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडल्या होत्या, त्या कांचेच्या पेटींत गेल्या.

कारागिरी मात्र सावंतवाडीनें वांचविली. तेथील चितारी घराण्यांत लाखकामाची आणि गंजिफेची परंपरा होती. ती विसाव्या शतकाच्या मध्याला पुंडलिक चितारी यांच्यासारख्या एखाद्या वृद्ध कारागिराच्या हातांत येऊन ठेपली. संस्थानचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनीं ती त्यांच्याकडून शिकून घेतली, आणि १९७० च्या सुमारास राजवाड्यांतच तरुण कारागिरांना बसवून कामाला आरंभ केला. आजही तेथें पानें रंगविलीं जातात. २०२४ सालीं सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालें. कोंकण रेल्वे झाल्यापासून मोती तलाव आणि चितारआळी पाहण्यास जाणारे उपनगरवासी पुष्कळ. लाकडी फळें आणि खेळणीं यांच्याबरोबर कांहीं जण दशावताराची पेटीही घेऊन येतात.

ती पेटी घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या दिवाणखान्यांत कांचेच्या कपाटांत बसते. पाहुण्यांना दाखवितात: हा मत्स्य, हा कूर्म, हा परशुराम. रंग वाखाणले जातात. बोटभर पानावरचा बारीक हात पाहून सर्वजण थक्क होतात. आणि मग घरांतलें एखादें लहान मूल विचारतें कीं, हे खेळावयाचे कसे? तेव्हां बहुतेक घरांत शांतता पसरते. पेटीबरोबर चिठ्ठी असली तरी तिच्यांतला 'हुकूम' वाचून वडीलमंडळी मेंढीकोटाच्या अंगानें अर्थ लावूं पाहतात, आणि दोन हातांतच डाव अडतो. चित्रें वांचलीं, लाखेची चकाकी वांचली. पण चाळीस पानें हातांत घेऊन, दहा रंगांचा चढ-उतार डोक्यांत ठेवून, देणीची वेळ ओळखणारा गडी दुर्मिळ झाला आहे. कारागिरी एका म्हाताऱ्याकडून शिकून घेतां आली, कारण ती एकट्यानें करतां येते. डावाला तिघे लागतात.

उपनगरांतल्या कांहीं कोंकणी घरांतून गणपतीच्या जागरणाला अजून रात्रभर पत्ते चालतात. एकाद्या घरीं त्या रात्रीं कपाटांतली पेटी खालीं काढली जाते. मग म्हातारी आजी असलीच, तर ती चष्मा पुसून पानें पिसावयास घेते, आणि नातवंडांनीं काय विचारावें हें ठाऊक असल्यासारखी आधींच सांगून टाकते: दिवे लागले आहेत, आतां कृष्ण कोणाकडे आला तें बोला.